लाल रिबन आणि कुरकुरणारं चाक

क्रूझची शेवटची रात्र, पावणेअकरा. केबिनचं दार किलकिलं करून बाहेर पाहिलं तर अख्खा कॉरिडॉर बॅगांनी भरलेला. दर दाराशी दोन-दोन, तीन-तीन, वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारख्या भिंतीला पाठ लावून उभ्या. आमच्याही तीन त्यांत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मावशी आत पलंगावर बसून काळजी करत होती.

"अगं, रात्रभर अशाच बाहेर राहणार त्या? कोणी नेल्या तर?"

"मावशी, न्याव्यात म्हणूनच ठेवल्यात."

क्रूझवर आम्ही तिघी गेलो होतो. आई, तिची थोरली बहीण म्हणजे आमची मावशी, आणि दोघींची जबाबदारी आपल्यावर आहे असं स्वतःच ठरवून बसलेली मी. सात रात्री, एक केबिन, तीन मोठ्या बॅगा. जहाजावर चढायचं कसं याची माहिती निघायच्या आधी महिनाभर वाचत होते. उतरायचं कसं, हा प्रश्नच कधी पडला नव्हता. उतरायचं म्हणजे काय, दार उघडलं की चालू पडायचं, असं आपलं वाटत होतं.

तसं नसतं हे शेवटून दुसऱ्या संध्याकाळी कळलं. पलंगावर एक पाकीट ठेवलेलं होतं. आत जांभळे कागदी टॅग, प्रत्येकावर मोठ्या आकड्यात १४, आणि सोबत वेळापत्रक: कुठल्या रंगाच्या, कुठल्या आकड्याच्या लोकांनी सकाळी किती वाजता कुठल्या हॉलमध्ये जमायचं. टॅग बॅगेला लावायचा, रात्री अकराच्या आत बॅग दाराबाहेर ठेवायची, आणि ती पुन्हा भेटणार ती थेट सकाळी बंदरावरच्या टर्मिनलमध्ये. मधल्या काळात बॅग तिच्या वाटेने जाणार, आपण आपल्या.

दुसराही मार्ग असतो. रात्री बॅग बाहेर ठेवायचीच नाही, सकाळी आपलं सामान आपणच ओढत उतरायचं. असे लोक सगळ्यात आधी सुटतात. अट एकच, सगळं सामान एका खेपेत स्वतः न्यायचं, मदतीला कोणी मिळणार नाही. मला हाच मार्ग हवा होता. बॅग नजरेआड करायला माझा जीव होत नाही. पण तीन बॅगा, हात माझे दोन, आणि आईचे गुडघे. निर्णय गुडघ्यांनी दिला.

एक गोष्ट मात्र नशिबाने आधीच बरोबर झाली होती. परतीचं विमान दुपारी दोनचं होतं. स्वस्त मिळत होतं म्हणून सकाळी दहाचं घेणार होते, ते मोह आवरून सोडलं होतं. जहाज धक्क्याला सहाला लागलं म्हणजे आपण सहाला मोकळे, असा हिशेब कधी करू नये. शिवाय बंदर आणि विमानतळ शेजारी-शेजारी असतील असंही नाही. रोमची सफर म्हणून जी जहाजं सुटतात ती चिवितावेक्याच्या बंदरातून, आणि ते रोमपासून सुमारे ७० किलोमीटर लांब आहे. धुकं पडलं किंवा अधिकाऱ्यांनी जहाजाला मंजुरी द्यायला उशीर केला, तर तुमच्या विमानासाठी कोणी थांबत नाही.

शेवटचा दिवस आवराआवरीत गेला. सात दिवस कपाटात ऐसपैस लटकलेलं बिऱ्हाड बॅगेत परत कोंबताना लक्षात आलं की इथली बांधाबांध दोन प्रकारची असते. एक, जे रात्री जाणार. दुसरं, जे उद्या दुपारपर्यंत हातात लागणार. पासपोर्ट, औषधं, चष्मे, चार्जर, उद्याचे कपडे, दात घासायचं सामान, हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत. आईची थायरॉइडची गोळी उठल्या-उठल्या, अनशापोटी. ती मोठ्या बॅगेत गेली असती तर ती सकाळी जहाजाच्या पोटात आणि आई केबिनमध्ये. उलट अत्तराची मोठी बाटली मात्र मोठ्याच बॅगेत टाकली, कारण बऱ्याच विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलीलीटरच्या वरची बाटली चालत नाही. पुढे विमान आहे हे जहाजावर विसरायला होतं. कोणत्या तरी बंदरावर घेतलेली आणि जहाजाने ठेवून घेतलेली मद्याची बाटली शेवटच्या संध्याकाळी परत मिळते. शेजारच्या केबिनमधल्या गृहस्थांनी ती कौतुकाने खांद्यावरच्या पिशवीत ठेवली. विमानतळावर तिचं काय झालं असेल ते असो.

आमच्या केबिनची व्यवस्था बघणारा स्टुअर्ड गोड माणूस होता. टॉवेलचे हत्ती-ससे करून ठेवायचा. आवराआवर बघून म्हणाला, उद्याचे कपडे बाहेर काढून ठेवा. दर फेरीला कोणीतरी एक जण सगळेच्या सगळे कपडे बॅगेत भरतो आणि सकाळी झोपायच्या कपड्यांत उतरतो. मावशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिने उद्याचा ड्रेस खुर्चीवर घडी घालून ठेवला होता. ओढणीसकट.

मी आणखी शहाणपण केलं. तिन्ही बॅगांच्या मुठीला लाल रिबन बांधली, म्हणजे लांबून ओळखू येतील. जुने विमान कंपन्यांचे स्टिकर सोलून काढले. प्रत्येक बॅगेत सगळ्यात वर नाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद ठेवला. पासपोर्ट तिजोरीत होते, ते विसरू नयेत म्हणून त्यांच्याबरोबर माझा एक बूटही तिजोरीत ठेवला. आईने ते पाहिलं आणि मावशीकडे पाहिलं. दोघी काही बोलल्या नाहीत.

तर, पावणेअकरा. दार लावलं, दिवा मालवणार, इतक्यात मावशी म्हणाली, "अगं, माझ्या चपला?"

केबिनमध्ये ती आठवडाभर पातळ कापडी सपाता घालून वावरत होती. चपला बाहेरच्या बॅगेत गेल्या होत्या, तळाशी, ओल्या टॉवेलच्या पिशवीखाली.

अनवाणीच कॉरिडॉरमध्ये धावले. तिची निळी बॅग आडवी पाडली, चेन ओढली, गालिच्यावर गुडघे टेकून आत कोपरापर्यंत हात घातला. मावशी मागे उभी राहून सूचना देत होती: "उजवीकडे बघ. नाही, माझ्या उजवीकडे." समोरच्या दारातून एक आजोबा स्वतःची बॅग ठेवायला आले, आमच्याकडे बघून समजूतदारपणे हसले. चपला निघाल्या. उपसलेले कपडे मी कसेबसे दडपले, मावशीनेही हातातलं काहीबाही आत सारलं, चेन लावली, बॅग धरून उभी केली. आत आलो. अकराला पाच कमी.

या दहा मिनिटांत दोन उद्योग झाले होते. त्यांचा पत्ता सकाळी लागला.

रात्री कधीतरी ट्रॉलीची चाकं वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं तर दोन जण न बोलता, भराभरा बॅगा उचलत चालले होते. स्टुअर्डने सांगितलं होतं की बॅगा खालच्या डेकवर जातात, कर्मचाऱ्यांच्या मोठ्या मार्गिकेतून. जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा तो लांबलचक बोळ. बऱ्याच जहाजांवर त्याला आय-९५ म्हणतात, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या हमरस्त्याचं नाव. ब्रिटिश वळणाच्या जहाजांवर तोच एम-१, तिकडच्या हमरस्त्याचं नाव. तिथे बॅगा रंगाप्रमाणे जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यांत भरतात, आणि सकाळी फोर्कलिफ्ट ते पिंजरे धक्क्यावर उतरवतात. आमच्या जहाजावर तीनेक हजार प्रवासी होते. माणशी दोन बॅगा धरल्या तरी सहा हजार, एका रात्रीत. २०२४ साली सुरू झालेल्या आयकॉन ऑफ द सीज या जहाजावर केबिनमागे दोन माणसं धरूनच ५,६१० प्रवासी होतात. तिथल्या शेवटच्या रात्रीची कल्पना करून मी झोपायचा प्रयत्न केला.

पहाटे साडेचारच्या सुमारास पलंग थरथरायला लागला. आमची केबिन खालच्या डेकवर, पुढच्या बाजूला होती. जहाज धक्क्याला लावताना ते आडवं सरकवण्यासाठी पुढच्या भागात पाण्याखाली आडवे पंखे असतात, ते सुरू झाले की खालच्या केबिनमध्ये गजराची गरज उरत नाही. आधी घरघर, मग कपाटातले रिकामे हँगर एकमेकांवर किणकिणले. आईने अंधारातच विचारलं, "पोहोचलो?" आणि गोळी घेतली.

आठपर्यंत केबिन रिकामी करायची होती, कारण स्टुअर्डला ती दुपारच्या आत नव्या लोकांसाठी तयार करायची असते. सातला निघालो. तिजोरी उघडली, बूट घातला, पासपोर्ट घेतले. दोघींकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"कार्ड घेतलीत ना?"

आईने दाखवलं. मावशी पर्स चाचपत राहिली. मग तिचा चेहरा बदलला. रात्री दार उघडायला कार्ड तिच्या हातात होतं. कॉरिडॉरमध्ये मी कपडे दडपत असताना तिने मदत म्हणून जे काहीबाही आत सारलं, त्यातच ते गेलं.

जहाजाचं हे कार्ड म्हणजे केबिनची किल्ली, खर्चाची वही आणि ओळखपत्र, सगळं एकच. शेवटच्या दिवशी त्याचा काय उपयोग असं वाटतं, पण उतरतानाही दारावर ते यंत्रासमोर धरावं लागतं. तुमचा फोटो पडद्यावर येतो, यंत्र टुंग करतं, आणि तेव्हा जहाजाच्या हिशेबी तुम्ही उतरलात. टुंग नाही तर उतरणं नाही.

मदतकक्षासमोर रांग होती. शेवटच्या सकाळी ती असतेच, कारण बिलाची भांडणंही तिथेच होतात. रात्री मी टीव्हीवर आमचं खातं बघून घेतलं होतं, त्यामुळे ती चिंता नव्हती. माझ्यापुढचे गृहस्थ मात्र एका कॉफीसाठी दहा मिनिटं लढले. कॉफी त्यांच्या मुलीने घेतलेली निघाली. मग रोजच्या सेवाशुल्काचा विषय काढला, ते तर पहिल्या दिवसापासून खात्यात लागत होतं. पाऊण तास उभं राहिल्यावर आमचा नंबर आला. मावशीचा पासपोर्ट बघून काउंटरवरच्या मुलीने दोन मिनिटांत नवं कार्ड छापून दिलं. जुनं बाद झालं. "इतकं सोपं होतं तर," मावशी म्हणाली, "मग तू एवढी का चिडलीस?"

नाश्त्याला चौदाव्या डेकवर गेलो. बसायला जागा मिळेना. ज्यांच्या केबिन रिकाम्या झाल्या ते सगळे पिशव्यांसह तिथेच येऊन बसलेले. उतरायचा हॉल पाचव्या डेकवर. आम्ही सगळ्यात वर होतो म्हणून लिफ्ट रिकामी मिळाली, आणि त्याचं महत्त्व वाटेत कळलं. बाराव्यावर दार उघडलं, बाहेर मोठ्या बॅगा घेतलेले चौघे. आत आले. दहाव्यावर उघडलं, बाहेर आठ जण. कोणीच मावेना. नवव्यावर, आठव्यावर, सातव्यावर तेच. दार उघडायचं, दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बघायचं, दार मिटायचं. सातव्यावरच्या बाई म्हणाल्या की ही तिसरी लिफ्ट. मधल्या डेकवर असाल तर वर जाणारी लिफ्ट मिळेल ती धरावी आणि तिच्यातच बसून खाली यावं. अर्थात गुडघे ठीक असतील तर जिने मोकळे असतात.

हॉल म्हणजे काल रात्री जिथे नाचगाणी बघितली तेच नाट्यगृह. आता रंगमंचावर पडदा, आणि खुर्च्यांवर कोट घालून, मांडीवर पिशव्या घेऊन बसलेली माणसं. ध्वनिक्षेपकावरून रंग पुकारले जात होते. पिवळा ३. हिरवा ६. जांभळ्याचं नाव नाही. मध्येच काही प्रवाशांची नावं घेऊन त्यांना मदतकक्षात बोलावत होते, तीच तीन नावं, पुन्हा पुन्हा. आई म्हणाली, झोपले असतील बिचारे. अमेरिकन बंदरांत तर आधीचे प्रवासी उतरून आकडा शून्य झाल्याशिवाय नव्यांना चढू देत नाहीत. लागून पुढची सफर घेतलेले लोकही तेवढ्यापुरते उतरून परत चढतात. त्यामुळे कोणी एक जण अंघोळीत रमला तर खाली रांगेत उभे असलेले हजारो लोक ताटकळतात. आम्हाला वेळापत्रकात पावणेनऊ दिली होती. जांभळा १४ पुकारला तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते.

टुंग. टुंग. मावशीच्या नव्या कार्डाला मी श्वास रोखून पाहिलं. टुंग.

गँगवेला, म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरायच्या पुलाला, उतार होता. भरती-ओहोटीप्रमाणे जहाज वरखाली होतं आणि त्याबरोबर उतारही बदलतो. चढलो त्या दिवशी तो जवळजवळ सपाट होता, आज आईने कठडा दोन्ही हातांनी धरला. पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यांच्यावरून मागच्या माणसाच्या बॅगेची चाकं खड खड खड करत आमच्या टाचांशी येत होती. आपल्या हातात फक्त पिशव्या आहेत याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

टर्मिनलचा हॉल प्रचंड. छतापासून रंगीत फलक लोंबत होते आणि प्रत्येक फलकाखाली बॅगांच्या रांगा. जांभळ्याखाली आलो. एका नजरेत दिसलेली गोष्ट अशी, की लाल रिबन बांधायची कल्पना जगात मला एकटीलाच सुचलेली नव्हती. काळ्या बॅगा, निळ्या बॅगा, आणि निम्म्यांच्या मुठीला लाल रिबन.

आईची मिळाली. माझी मिळाली. मग एक निळी, लाल रिबनवाली दिसली. ओढून बाहेर काढली आणि निघाले.

"थांब," मावशी म्हणाली. "ही आपली नाही."

"रिबन आहे की."

"माझ्या बॅगेचं मागचं चाक कुरकुरतं. ही गप्प चाललीय."

टॅगवरचा केबिन नंबर पाहिला. खरंच दुसऱ्याची. निमूटपणे जागेवर नेऊन ठेवली. कोणी सकाळी आधी उतरून आमची घेऊन गेलं असेल का, हा विचार आला आणि पोटात गोळा आला. संपूर्ण जांभळा विभाग दोनदा फिरले. शेजारचा निळा आणि गुलाबीही फिरले, कारण मंद दिव्यात जांभळा आणि निळा यांत गफलत होऊ शकते. साडेदहा होत आले होते.

मग तिथल्या एका कर्मचाऱ्याला गाठलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, टॅग तुटला असेल का? आणि भिंतीकडचा कोपरा दाखवला. ओळख हरवलेल्या बॅगांचा कोपरा. तीस-चाळीस बॅगा, एक बाबागाडी, कापडी पिशवीत गुंडाळलेली एक गिटार. त्या क्षणी मला काल रात्रीचा तो कॉरिडॉर स्वच्छ दिसला. बॅग आडवी पाडताना मूठ खाली आली होती, आणि उभी करताना मी कशाला तरी धरून जोरात ओढलं होतं. ते कशाला तरी म्हणजे कागदी टॅगची गुंडी. रिबनची गाठही सैल झाली असणार, कारण त्या कोपऱ्यातल्या एकाही निळ्या बॅगेला रिबन नव्हती.

निळ्या बॅगा मात्र पाच होत्या. मी कुलूप आठवायला लागले, कोपरे खरचटलेत का बघायला लागले. मावशीने मला बाजूला केलं. पहिली बॅग धरली, दोन पावलं ओढली, मान तिरकी करून ऐकलं. सोडली. दुसरी. सोडली. तो कर्मचारी कमरेवर हात ठेवून बघत होता. तिसरी दोन पावलं चालली आणि कुईं करून बोलली.

"ही."

चेन उघडून वरचा कागद त्याला दाखवला. नाव, नंबर, पासपोर्टशी जुळलं. त्याने मान डोलावली आणि मग स्वतःच बॅग दोन पावलं ओढून आवाज ऐकला.

पुढचं भराभर झालं. सीमाशुल्काच्या दारापाशी फळं आणि खाण्याच्या वस्तूंबद्दल मोठा फलक होता. आईने पर्समधून जहाजावरचं एक केळं काढलं, अपराधी चेहऱ्याने डब्यात टाकलं. अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिले, आमच्याकडे पाहिलं, जा म्हणाला. बाहेर उन्हात आलो आणि आईने माझा दंड धरला. "जमीन हलतेय गं." हलत नव्हती. सात दिवस डुलणाऱ्या फरशीवर तोल सांभाळायची सवय लागलेली असते, ती शरीर लगेच सोडत नाही. बहुतेकांना एखाद-दोन दिवसांत बरं वाटतं, क्वचित कोणाला महिनोन्‌महिने डुलत राहतं. त्याला वैद्यकात माल द देबार्कमां असं फ्रेंच नाव आहे. मी एका ओळीत सांगून टाकलं. आई म्हणाली, नाव राहू दे, बसायला जागा बघ.

बाकावर बसून मावशीने बॅगेत हात घातला आणि टॉवेलच्या पिशवीला चिकटलेलं जुनं कार्ड काढलं. नवं पर्समध्ये होतं. दोन्ही शेजारी धरून फोटो कशात बरा आलाय ते बघत बसली.

समोर नव्या प्रवाशांची रांग लागायला सुरुवात झाली होती. कोऱ्या टॅगांच्या बॅगा हमालांच्या हातात देत होते. त्यांतल्या एका निळ्या बॅगेला लाल रिबन होती. ती ट्रॉलीवर चढेपर्यंत मावशी मान तिरकी करून ऐकत होती.